ओट्स-बेदाण्याचे बार मध्ये कच्चे, कडेला टणक, आणि वरचं आयसिंग ओघळतंय: काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेतल्या बहिणीने तुम्हाला ओट्स आणि बेदाण्याच्या बारची रेसिपी पाठवली, वर पांढरं फ्रॉस्टिंग असलेली. रेसिपीतला ९×१३ इंचाचा पॅन तुमच्या २८ लिटरच्या ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) नीट मावेना, म्हणून सगळंच्या सगळं मिश्रण तुम्ही ८ इंची गोल केकच्या टिनमध्ये भरलं. रेसिपीत ३० मिनिटं होती, तुम्ही ४५ ठेवलं. तरी मध्ये कच्चं, कडा दातांनी न तुटणाऱ्या, वरचे बेदाणे काळे पडून कडू झालेले, आणि बटरचं फ्रॉस्टिंग अर्धं आत मुरलेलं, अर्धं कडेने खाली आलेलं. आता जूनच्या शेवटी मुलीच्या वाढदिवसाला वर्गातल्या ३० मुलांना हेच बार वाटायचेत. तुम्ही ठाण्यात राहता. तुम्हाला पावसाळी हवेत टिकेल असं फ्रॉस्टिंग हवंय. शिवाय घरचं लोणी, गूळ आणि अंड्याशिवायचे बार यांबद्दलही विचारलंय.

फ्रॉस्टिंगचं सांगतेच, पण शेवटी. तुमची अडचण तिथे सुरू होत नाही, ती टिनपासून सुरू होते. हिशोब करून बघा. ९×१३ पॅनचं क्षेत्रफळ ११७ चौरस इंच, आणि ८ इंची गोल टिनचं जेमतेम ५०. म्हणजे बहिणीकडे जो थर पाऊण इंचाचा होत असेल, तो तुमच्याकडे पावणेदोन इंचाचा झाला. केकचं मिश्रण सैल असतं, फुगतं, त्यात हवा असते. बारचं मिश्रण म्हणजे ओट्सचा जड गोळा. त्यात उष्णता मध्यापर्यंत पोचेपर्यंत कडा वाळून जाणारच. ४५ मिनिटं ठेवा नाहीतर तासभर, एवढ्या जाडीला कडा आणि मध्य एकाच वेळी भाजले जात नाहीत. फ्रॉस्टिंग वितळण्याचंही अर्धं कारण हेच. वरून गार लागणारी जाड वडी आत कितीतरी वेळ गरम असते, आणि तुम्ही लावलेलं बटर त्या आतल्या उष्णतेवर वितळतं.

तेव्हा पहिलं काम: रेसिपी बरोबर निम्मी करा आणि ८ इंची चौकोनी टिन घ्या. निम्म्या रेसिपीला ५८.५ चौरस इंच लागतात, ८×८ मध्ये ६४ मिळतात. थर किंचित पातळ होईल, तो आपल्या छोट्या ओटीजीत बराच. चौकोनी टिन मुद्दाम आणायचा नसेल तर ९ इंची गोल टिनचं क्षेत्रफळही जवळपास तेवढंच भरतं, फक्त तुकडे तिरकस पडतात आणि मुलं मोठा कोणता यावरून भांडतात. चौकोनी टिनमधून दोन-दोन इंचाचे १६ तुकडे निघतात. दोन टिन केलेत की ३२. तीस मुलांना, एक बाईंना, एक तुमच्या चहाबरोबर. दोन्ही टिन एकदम आत कोंबू नका, एकापाठोपाठ एक भाजा. दुसरं मिश्रण अर्धा-पाऊण तास बाहेर थांबलं तर काही बिघडत नाही.

एका टिनचं माझं प्रमाण सांगते. वजनाने सांगते, कारण कप हे या पदार्थात भांडणाचं मूळ आहे. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटरचा, आपल्याकडचे काही सेट २५० चे, आणि मैदा चेपून भरला की सैल भरला यावर वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. बटर १०० ग्रॅम, साखर एकूण १२० ग्रॅम (त्यातली निम्म्याहून जास्त ब्राउन), अंडं १, व्हॅनिला १ चहाचा चमचा, मैदा १०० ग्रॅम, ओट्स १३० ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा सपाट, दालचिनी पूड अर्धा चमचा, बेदाणे ८० ग्रॅम. मी थोडं जायफळ सहाणेवर उगाळून घालते. मूळ रेसिपीत ते असेल-नसेल, पण बेदाणा आणि जायफळ यांचं आपल्याकडे जुनं जमतं. बेकिंगचा काटा नसेल तर घ्याच.

लोण्याचं उत्तर: चालेल, पण सांभाळून. रेसिपीतलं बटर म्हणजे साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि उरलेलं मुख्यतः पाणी. घरच्या लोण्यात पाणी किती ते ताक किती निथळलंय यावर ठरतं, आणि ते दर वेळी बदलतं. गार पाण्याने दोन-तीनदा धुऊन, हाताने दाबून पाणी काढून टाकलंत तर बार छान होतात, चवही खमंग येते. न धुतलेल्या लोण्याने मिश्रण सैल होतं आणि ताकाचा आंबटपणा उतरतो. तूप वापरायचं असेल तर १०० ऐवजी ८० ग्रॅम घ्या आणि दोन चमचे दूध घाला, नाहीतर बार नानकटाईच्या वळणावर जातात, भुसभुशीत. ३० मुलांच्या ऑर्डरीला मी मात्र पाकिटातलं बटरच घेईन. नेहमीचं पिवळं खारं बटर असेल तर वेगळं मीठ अजिबात घालू नका. बहिणीच्या रेसिपीत अर्धा चमचा मीठ लिहिलं असेल तर ते बिनमिठाच्या बटरसाठी आहे.

हे बटर फेटायचं की वितळवायचं? फेटलंत की त्यात हवा भरते आणि बार केकसारखे फुगीर, कोरडे होतात. वितळवलंत की घट्ट, चिवट, दाताखाली येणारे. बारला मला दुसरा प्रकारच आवडतो. छोट्या ओटीजीत तो सोपाही पडतो, कारण फुगून वरच्या रॉडजवळ जायचा धोका नाही. वितळवून बोट घालता येईल इतकं कोमट होऊ द्या, मग साखर घालून ढवळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. साखर थोडी विरघळते, मिश्रण चकचकीत होतं. मग अंडं.

ब्राउन शुगरच्या बाबतीत आपल्याकडे मोठा घोळ आहे. अमेरिकेतली ब्राउन शुगर ओलसर असते, मुठीत दाबली तर मुटका होतो, कारण पांढऱ्या साखरेवर मोलॅसिसचा थर असतो. आपल्या दुकानात ब्राउन शुगर म्हणून कितीतरी वेळा नुसती तपकिरी, कोरडी, जाड दाण्याची साखर मिळते. तिने रंग येतो, ओलावा येत नाही. बार दुसऱ्या दिवशी मऊ राहतात ते या ओलाव्यामुळे. माझा उपाय काकवीचा: १०० ग्रॅम पिठी न केलेली साधी साखर आणि एक मोठा चमचा काकवी, हाताने चोळून एकजीव करायची. कोल्हापुरी काकवी आता ठाण्यातही सहज मिळते. ती मोलॅसिस नव्हे हे लक्षात ठेवा. मोलॅसिस म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेली मळी, म्हणून तिला कडवट, काळी चव. काकवी म्हणजे आटवलेला रसच, त्यामुळे चव सौम्य आणि गोड. बार थोडे फिक्या रंगाचे होतील, बाकी काही कमी पडणार नाही. निव्वळ गूळ घालायचा असेल तर मऊ साधा गूळ किसून, खडे चाळून घ्या. चिक्कीचा गूळ नको, त्याने कडा ताणल्यासारख्या चिवट होतात. गुळाचे बार लवकर लाल होतात, तेव्हा रंगावर जाऊ नका.

आणि हो, गोडाबद्दल. बरेच जण वर आयसिंग आहे म्हणून आतली साखर निम्मी करतात. १२० ची १०० केलीत तर चालेल. ६० केलीत तर बार नुसते कमी गोड होणार नाहीत, कोरडेही होतील, कारण साखर पाणी धरून ठेवते. गोडी कमी करायची असेल तर ती वरच्या आयसिंगमधून कापा. ते कसं, खाली सांगते.

ओट्स घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. ‘तीन मिनिटांत तयार’ असं लिहिलं असेल तर ते क्विक ओट्स, पातळ लाटलेले आणि बारीक तुटलेले. आपल्याकडे बहुतेक तेच मिळतात. त्यांचे बार होतात, पण ते पाणी पटकन पितात आणि आतून एकसंध, थोडे पिठूळ लागतात. रोल्ड ओट्स (अख्खा दाणा लाटलेले) मिळाले तर तेच घ्या, दाताखाली पाकळी लागते. क्विकच असतील तर १३० ऐवजी ११५ ग्रॅम घ्या. स्टील कट ओट्स (न लाटता नुसते तोडलेले दाणे) या कामाचे नाहीत, ते भाजूनही कचकच राहतात. मैद्याऐवजी कणीक घालायची असेल तर निम्मीच बदला. चक्कीची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी शोषते, तेव्हा एक-दोन चमचे दूध वाढवावं लागतं.

आता बेदाणे. सगळ्यात कमी लक्ष लोक यांच्याकडे देतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान हेच करतात. बहिणीच्या रेसिपीतला रेझिन म्हणजे कॅलिफोर्नियातला, द्राक्षांचे घड उन्हात वाळवून केलेला गडद तपकिरी बेदाणा. उन्हात वाळल्यामुळे त्याला काकवीसारखी खोल चव येते. आपला सांगली-तासगावचा बेदाणा बहुतेक हिरवट-पिवळा, कारण इथे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये, सावलीत वाळवतात. साल लवकर पाणी सोडते आणि रंग टिकतो. चव जास्त आंबटगोड, ताजी. माझ्या मते आयसिंग असलेल्या बारला आपला हिरवा बेदाणाच जास्त शोभतो, वरचा गोडवा तो कापतो. काळी मनुका घ्यायची असेल तर बिनबियांची बघून घ्या. औषधाला वापरतात ती बियांची मनुका मुलांच्या दातांखाली आली की बार तिथेच संपला.

कोणताही घ्या, भिजवा. कोरडा बेदाणा बारमधलं पाणी स्वतःकडे ओढतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवतीचा भाग रखरखीत लागतो. आधी देठ वेचून काढा. पाकिटावर ‘साफ केलेला’ लिहिलं असलं तरी मूठभरात दोन-चार देठ निघतातच. मग कढत पाण्यात दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. जास्त भिजला की साल फुटून गोडवा पाण्यात जातो आणि बारमध्ये त्याचा चिखल होतो. निथळून पंचावर पसरा आणि पंचाच्या दुसऱ्या टोकाने चोळून कोरडा करा. दाणा फुगलेला, साल ताणलेली पण बाहेरून कोरडा, असा हवा. ओला तसाच घातलात तर त्याच्याभोवती मिश्रण कच्चं राहतं आणि तुम्हाला पुन्हा वाटतं की ओटीजी बिघडलाय.

वरचे बेदाणे जळाले त्याचा उपायही इथेच आहे. मिश्रण टिनमध्ये थापून झालं की ओल्या बोटाने वर दिसणारा प्रत्येक बेदाणा आत ढकला आणि त्यावर थोडं मिश्रण सारा. दोन मिनिटांचं काम आहे. पृष्ठभागावर एकही दाणा उघडा नको, कारण वरच्या रॉडसमोर त्यातली साखर सगळ्यात आधी करपते.

अंड्याशिवायचं विचारलंत. वर्गात वाटायचे म्हणजे बिनअंड्याचेच करा, प्रत्येकाच्या घरी विचारत बसण्यापेक्षा ते सोपं. दही घालायला सांगणारे बरेच भेटतील. दह्याने सोडा जोरात उठतो आणि बारचा केक होतो. मी जवस वापरते: एक मोठा चमचा जवस कोरडी भाजून, अगदी बारीक पूड करून, तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं. ती अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी बुळबुळीत होते. जवसाची चव ओट्समध्ये लपून जाते, आणि ओट्स स्वतःच बांधून ठेवणारे असल्याने अंड्याची उणीव या पदार्थात फारशी जाणवतही नाही. भाजायला तीन-चार मिनिटं जास्त धरा. बदाम-अक्रोड मात्र घालू नका. शाळेत कुणाला त्यांची ॲलर्जी असू शकते. ओट्स, गहू आणि दूध आहे एवढं बाईंना आधी कळवा.

सगळं एकत्र झालं की मिश्रण झाकून वीस मिनिटं बाजूला ठेवा. हे टाळू नका. या वेळात ओट्स ओलावा पितात. लगेच भाजलंत तर बटर आधी सुटून कडेला जमा होतं आणि कडा तळल्यासारख्या कडक होतात. थांबवल्यावर मिश्रण चमच्याला चिकटून राहील इतकं घट्ट दिसेल, ते बरोबर आहे.

टिनला कागद लावा, दोन बाजूंनी बाहेर येईल असा, म्हणजे अख्खी वडी उचलता येते. कागद घेताना बघून घ्या. ‘बटर पेपर’ नावाने मिळणारा प्रत्येक कागद ओव्हनसाठी नसतो. काही नुसते पोळ्या गुंडाळायचे असतात, ते चिकटून बसतात किंवा धुरकटतात. पाकिटावर बेकिंग पार्चमेंट आणि तापमान लिहिलेलंच घ्या.

आता ओटीजी. इथे मात्र मी तुम्हाला ठाम आकडा देऊ शकत नाही, कारण प्रत्येक ओटीजीची डायल आपापल्या मनाची असते. रेसिपीतलं ३५० फॅरेनहाइट म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस. डायल १७५ वर असताना आत १५५ असेल नाहीतर १९५. ओव्हन थर्मामीटर आत लटकवा आणि पंधरा मिनिटं तापवल्यावर तो काय म्हणतो ते पाहा. दोन्ही रॉड चालू, जाळी मधल्या खाचेच्या एक खाली. पंखा असेल तर तो बंद ठेवा, किंवा १५-२० अंशांनी तापमान कमी करा. काचेच्या भांड्यात करत असाल तरी १५ अंश कमी, कारण काच हळू तापते पण मग उष्णता सोडत नाही.

किती वेळ? ८ इंची धातूच्या टिनला मी २२व्या मिनिटाला दार उघडून पाहते. काय पाहायचं ते नीट सांगते. कडेपासून अंगठ्याच्या रुंदीएवढा पट्टा सोनेरी-तपकिरी झालेला आणि कागदापासून किंचित सुटलेला. मध्यभागाची ओली चमक गेलेली, पण रंग अजून फिका. उलथन्याच्या कडेने मध्ये हलकं टेकवलं तर वळ उठतो आणि राहतो. टूथपिक घातली तर ओलं पीठ लागत नाही, मऊ चुरा लागतो. हे सगळं दिसलं की बाहेर. हो, मध्य अजून शिजलेला नाही असं वाटेल. टिन गरम आहे, मिश्रण जड आहे, पुढची दहा मिनिटं ते बाहेरही भाजलं जातच असतं. मध्य पक्का होईपर्यंत आत ठेवलेले बार गार झाल्यावर टणक होतात. २२ला नसेल झालं तर दर तीन मिनिटांनी पाहा. तिशीच्या पुढे जावं लागलं तर तुमचा ओटीजी थंड चालतोय. वरून लवकर लाल होत असेल तर फॉइल सैल झाका.

गार होऊ देणं हा यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. टिनमध्ये अर्धा तास, मग कागदासकट उचलून जाळीवर. किती वेळ लागेल ते हवेवर आहे, साधारण दोन तास धरा. वरून हात लावून फसू नका. जाळीखालून तळहात बारच्या बुडाला टेकवा. ऊब सगळ्यात शेवटी तिथून जाते. बूड गार म्हणजे बार गार. घाई म्हणून फ्रिजमध्ये टाकू नका, बाहेर काढल्यावर दमट हवेचं पाणी त्यावर जमतं आणि आयसिंगचा पाक होतो.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न. बटरचं फ्रॉस्टिंग जूनमध्ये, डब्यात बंद करून, शाळेत: नको. बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं, आणि वर्गातल्या दप्तरांच्या ढिगात तेवढी ऊब सहज असते. क्रीम चीजचं फ्रॉस्टिंग चवीला या बारवर उत्तम लागतं, घरी खाणार असाल तर तेच करा. पण असे नाशवंत पदार्थ दोन तासांहून जास्त फ्रिजबाहेर ठेवू नयेत असा अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेचा नियम आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मधल्या सुट्टीपर्यंत तो हिशोब संपलेला असतो. चक्क्याचं फ्रॉस्टिंग करून पाहावं असं मराठी मनात येतंच, पण चक्क्यात साखर पडली की तो पाणी सोडतो. श्रीखंडाला ते चालतं, बारवर ते खाली झिरपतं. दुकानातलं व्हिपिंग क्रीमही याच कारणांनी बाद.

उरतं ते साधं पाण्यातलं आयसिंग, ग्लेझ म्हणतात ते. नुसती आयसिंग शुगर आणि थेंबभर द्रव. अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या ओटमील कुकीवर हेच असतं. वाळलं की पातळ पांढरी पापडी होते, वितळत नाही, फ्रिज लागत नाही. एका टिनवर पूर्ण थर द्यायचा तर १०० ग्रॅम आयसिंग शुगर. तुम्हाला मी पूर्ण थर देऊच नका असं सांगेन. वर नुसत्या तिरक्या रेघा ओढा, ६० ग्रॅममध्ये काम होतं. गोडी कमी होते, आणि दमट हवेत जाड थरापेक्षा रेघ कितीतरी लवकर वाळते. पावसाळ्यात मी दुधाऐवजी पाणी घेते, शिवाय लिंबाचे चार-पाच थेंब आणि चिमूट मीठ.

आयसिंग शुगर घरी मिक्सरवर करायची असेल तर १०० ग्रॅम साखरेला एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर घालून फिरवा आणि मलमलीतून चाळा. कॉर्नफ्लोअर ओलावा धरतं, त्याच्याशिवाय तासाभरात गुठळ्या होतात. नुसती घरची पिठीसाखर जिभेला रवाळ लागते.

पाणी एकदम ओतू नका. ६० ग्रॅमला आधी दीड चहाचा चमचा, मग थेंब-थेंब. चमचा उचलून धार वाटीत सोडा. ती धार वर उठून दिसली पाहिजे आणि साधारण दहा आकडे मोजेपर्यंत सपाट झाली पाहिजे. लगेच विरली तर पातळ आहे, चमचाभर साखर वाढवा. तुटक पडली तर अर्धा थेंब पाणी. पार्चमेंटचा मेंदीच्या कोनासारखा कोन करा, टोक अगदी बारीक कापा.

बार आधी कापा, मग आयसिंग लावा. उलट केलंत तर वाळलेली पापडी सुरीखाली तडकते. धारदार सुरी एका दाबात खाली, करवतीसारखी मागेपुढे नाही, आणि प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसायची. तुकडे जाळीवर बोटभर अंतराने मांडा आणि मग रेघा ओढा.

वाळायला कोरड्या हवेत तासभर पुरतो. ठाण्यात पाऊस लागून राहिला असेल तर रात्रभरही चिकट राहू शकतं, कारण साखर हवेतलं पाणी ओढून घेते. एसी असेल तर ड्राय मोडवर त्या खोलीत ठेवा. नसेल तर स्वयंपाकघर सोडून दुसऱ्या खोलीत, पंख्याखाली, खिडक्या बंद करून. स्वयंपाकघरात कुकरची वाफ असते. त्याच संध्याकाळी तिथे भात लावलात तर आयसिंगचं काम संपलं.

तुमच्या वेळापत्रकाला हे असं बसेल. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी दोन्ही टिन भाजा, गार करा, न कापता फॉइलमध्ये गुंडाळून बाहेरच ठेवा. दुसऱ्या दिवशी ओट्स आणि बेदाण्यांमधला ओलावा सारखा वाटला जातो, तेव्हा हे बार पहिल्या दिवसापेक्षा चांगलेच लागतात आणि स्वच्छ कापले जातात. आदल्या दिवशी दुपारी कापून आयसिंग करा, म्हणजे वाळायला अख्खी रात्र मिळते. पसरट डब्यात दोनच थर, मध्ये पार्चमेंट. सकाळी डबा भरण्याआधी एका रेघेवर बोट टेकवा. बोटाला काही लागलं नाही तर भरा. चिकटलं तर थर लावूच नका, एकेका तुकड्याला कागदी कपमध्ये ठेवून दोन डबे न्या. शिल्लक बार चार-पाच दिवस बाहेर टिकतात. फ्रीजरमध्ये टाकायचे असतील तर आयसिंगविना टाका.

एक टिन त्याआधी घरच्यासाठी करून बघा. २२व्या मिनिटाला तुमचा ओटीजी काय दाखवतो आणि आतला थर्मामीटर किती सांगतो, तेवढं मला कळवा. वेळ त्यावरून नेमकी सांगता येईल.